कमानीवर टांगलेला कार्ब्युरेटर

चालत्या गाडीला हात लावू नये, असं शहाणी माणसं म्हणतात. बेरेंड वासिंकही म्हणायचा. नुसतंच म्हणायचा.

सोमवारी ऑफिसातून आल्यावर कॉफी पिता पिता त्याने एक अगदी छोटासा निर्णय घेतला. शनिवारच्या आत मोटरसायकलचे चारही कार्ब्युरेटर एकदा उघडून पुसून घ्यायचे. फार काही नाही. उघडायचे, पुसायचे, लावायचे. त्याची बायको डिनेके बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, की दुसरा कोणीही तिथेच थांबला असता.

"चालतेय ना ती?"

"चालतेय, पण चार सिलिंडरपैकी अडीचवर चालतेय."

"कॅफे तीन किलोमीटरवर आहे, बेरेंड. अडीच पुरेत."

पण बेरेंडच्या मनात एकदा काही आलं की ते बाहेर काढायला क्रेन लागते. आणि खरं सांगायचं तर या वेळी त्याचंही थोडं बरोबर होतं, कारण शनिवार साधा नव्हता. शनिवारी दोघांच्या लग्नाला साडेबारा वर्षं होत होती. आमच्या आख्टरहुकात, म्हणजे हॉलंडच्या या पूर्वेकडच्या कोपऱ्यात, पंचवीस वर्षं पुरी व्हायची वाट बघत बसत नाहीत. माणसाचा काय भरवसा (आणि संसाराचा त्याहून), म्हणून अर्ध्या वाटेवरच एकदा वाजवून घेतात. त्याला तांब्याचं लग्न म्हणतात.

साडेबारा वर्षांपूर्वी, खऱ्या लग्नाच्या दिवशी, बेरेंडने गावात जाहीर केलं होतं की नवरीला चर्चमधून मोटरसायकलवर बसवून नेणार. गाडी एकोणऐंशी सालची, जपानी, चार सिलिंडरची, टाकी पिकलेल्या चेरीच्या रंगाची. सगळं गाव चर्चबाहेर उभं. डिनेके पांढऱ्या झग्यात मागे बसली. बेरेंडने बटण दाबलं. गाडीने म्हाताऱ्याने घसा खाकरावा तसं केलं आणि गप्प झाली. नऊ वेळा दाबलं, नऊ वेळा खाकरली. तेवढ्यात सासरे ग्राडुस आपला ट्रॅक्टर घेऊन पुढे आले. ट्रॅक्टर दोन दिवस घासूनपुसून लख्ख केलेला, वर पांढऱ्या रिबिनी. (तो त्यांनी "सहज" आणला होता म्हणे.) मोटरसायकलला दोर बांधला आणि वरात ताशी बारा किलोमीटरच्या वेगाने निघाली. पुढे ट्रॅक्टरवर बापाशेजारी नवरी, मागे दोराला बांधलेल्या गाडीवर एकटा नवरा. तो फोटो अजून वासिंकांच्या घरातल्या बोळात कोटांच्या खुंट्यांच्या वर टांगलेला आहे. वाढदिवसाला आलेला प्रत्येक पाहुणा कोट अडकवता अडकवता तो बघतो आणि विचारतो, "काय मग, चालायला लागली का?"

म्हणून बेरेंडने शपथ घेतली होती. तांब्याच्या लग्नाला डिनेकेला दारापासून मेजवानीच्या कॅफेपर्यंत तो याच गाडीवर नेणार होता, आणि तेही गाडीच्याच दमावर.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता त्याने कार्ब्युरेटर पहिल्यांदा उघडले. तेव्हापासून ती गाडी कधी धड चालली नाही. चौकात थांबली की विझायची, चढावर खोकायची. साडेबारा वर्षांत ट्रॅक्टर अठरा वेळा आणायला गेला. (हा आकडा ग्राडुसरावांचा. ते असल्या गोष्टी विसरत नाहीत.) बेरेंडने सुटे भाग मागवले, ते दुसऱ्याच मॉडेलचे आले. पुन्हा मागवले, ते स्कूटरचे आले. शेवटी जुन्या जपानी गाड्यांवर जीव टाकणाऱ्या एका जर्मन माणसाने त्याला लिहिलं, की बाबा रे, गाडीचं नाव काय सांगतोस, कार्ब्युरेटरच्या अंगावर बारीक नंबर ठोकलेला असतो तो सांग. त्या नंबरावरून कुंडली कळते.

बेरेंडने तो नंबर डिनेकेच्या दात घासायच्या ब्रशने घासून वाचला. (तिला त्याने हे सांगितलं नाही. तिला ते चवीवरून कळलं.) जर्मन माणसाचं उत्तर आलं: यात पेट्रोल जायचे बारीक भोकाचे पितळी जेट दोन मापांचे असतात, दोन एकशेपाच नंबरचे आणि दोन एकशेदहाचे. कुठला कुठे बसवायचा, हे विचारायचं राहिलं. पुन्हा विचारणं बेरेंडला कमीपणाचं वाटलं. तो नगरपालिकेत झाडं तोडायचे परवाने देणारा कारकून. अठरा वर्षं अर्ज नंबरवारीने लावलेले. लहान आकडा आधी, मोठा मागून, यात विचारायचं काय? डावीकडून एकशेपाच, एकशेपाच, एकशेदहा, एकशेदहा. फाइल बंद.

तर या आठवड्यात सोमवारी कार्ब्युरेटर उतरले. मंगळवारी डिनेकेच्या सुपाच्या पातेल्यात लिंबाच्या पाण्यात उकळले. (त्या दिवशी घरात सँडविच खाल्ले गेले.) बुधवारी सगळे पितळी भाग निघाले आणि बेरेंडने ते ब्रासोने असे घासले, की लग्नाची अंगठी त्यांच्यापुढे मळकट दिसावी. गुरुवारी ते सगळे डिनेकेच्या बारा खळग्यांच्या केकच्या साच्यात शिस्तीत मांडले. एकेका कार्ब्युरेटरला तीन-तीन खळगे. साचा स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून येऊन जोडायचे, शनिवारी दुपारी दोनला निघायचं. वेळच वेळ होता.

इथे आमच्याकडच्या शेजारधर्माबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढचा सगळा घोळ त्यानेच केला. आमच्याकडे लग्न असो की मरण, घरच्यांनी काही करायचं नसतं, शेजाऱ्यांनी करायचं असतं. तांब्याच्या लग्नाला शेजारी घराच्या पुढच्या दाराला हिरव्या डहाळ्यांची कमान बांधतात. तिच्यावर कागदी गुलाब, मधे साडेबाराचा आकडा, आणि जमेल तितकं तांबं-पितळ. शेजारच्या टोसबाई या कामातल्या सेनापती. त्यांच्या कोठीत बायाबापड्या तीन आठवडे गुलाब वळत होत्या आणि प्रत्येक शंभर गुलाबांमागे एक बाटली संपत होती.

शुक्रवारी दुपारी टोसबाई पलटण घेऊन वासिंकांच्या मागच्या दाराने आत शिरल्या. (मागचं दार उघडंच असतं. ते लावणं म्हणजे शेजाऱ्यांच्या तोंडावर लावणं.) बेरेंड ऑफिसात, डिनेके केस कापून घ्यायला गेलेली. आणि टेबलावर काय, तर साच्यात ओळीने मांडलेले, घासून लख्ख केलेले, चिमुकले पितळी दागिने. टोसबाईंचे डोळे भरून आले.

"बघा," त्या म्हणाल्या, "आणि आपण म्हणत होतो, बेरेंडला कशाचं काही नाही."

साडेपाचला बेरेंड सायकलवरून आला तर दाराला कमान उभी. खाली सगळे शेजारी पेल्यांसाठी ताटकळत उभे, कारण कमान झाली की यजमानाने पाजायचं हाही नियमच. बेरेंडने बाटली काढली, सगळ्यांना पाजली, कमानीकडे मान वर करून बघितलं आणि मनापासून म्हणाला, "टोसबाई, काय झळाळतंय हो ते मधे मधे. कुठून आणलंत?" टोसबाई नुसत्या हसल्या. माणूस स्वतःचा मोठेपणा कसा लपवतो बघा, असं त्यांना वाटलं. हेर्मन, म्हणजे टोसबाईंचे यजमान, त्यांनी तर बेरेंडच्या पाठीवर थाप मारली.

सगळे गेल्यावर बेरेंड स्वयंपाकघरात आला. साच्यात बारा केक होते. टोसबाईंनी साचा रिकामा झालाच आहे तर म्हणून भाजून ठेवले होते, वर पिठीसाखर.

त्याने एक केक उचलून खाली बघितलं. मग दुसरा. बाराही केक उचलून झाल्यावर तो पुढच्या दारात गेला, कमानीकडे पुन्हा एकदा बघितलं आणि पायरीवर बसला. डिनेके नवे केस सावरत आली आणि त्याच्याशेजारी बसली. तिला सगळं कळल्यावर पाच मिनिटं हसू आवरत नव्हतं.

"काढ मग," ती शेवटी म्हणाली.

काढ म्हणणं सोपं. शेजाऱ्यांनी बांधलेल्या कमानीला घरच्यांनी बोट लावायचं नसतं. ती बांधायची त्यांनी, उतरवायची त्यांनी. पलीकडच्या वाडीतल्या एकाने कोणे एके काळी आपल्या कमानीवरचा वाकडा गुलाब फक्त सरळ केला, तर त्याच्या घरी अजून कोणी पाय ठेवत नाही. एकीकडे साडेबारा वर्षांची शपथ, दुसरीकडे जन्माचे शेजारी. मागून घ्यायचं तर टोसबाईंच्या भरल्या डोळ्यांचं काय करायचं? बेरेंडने शुक्रवारची संध्याकाळ बारा केक खाण्यात घालवली.

शनिवारी सकाळी सात वाजता, पायजम्यावर, हातात पक्कड घेऊन तो शिडीवर चढला. गुपचूप काढू, जागी कोटाची पितळी बटणं बांधू, कोणाला कळतंय, असा बेत होता. पहिली तार सोडवली नाही तोच खालून आवाज आला.

"वाकडं लागलंय का आमचं काही?"

टोसबाई. हातात दुधाची पिशवी, चेहरा दगडाचा. बेरेंडचा एक पाय शिडीवर, एक हवेत. खोटं बोलावं तर काय बोलावं ते सुचेना, आणि पायजम्यात माणसाला धीर असा नसतोच. त्याने वरूनच सगळं सांगून टाकलं: शपथ, फोटो, जर्मन माणूस, लिंबू. टोसबाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी दुधाची पिशवी पायरीवर ठेवली आणि ओरडल्या, "हेर्मन! भिंग घेऊन ये!"

"भिंग कशाला?" बेरेंडने विचारलं.

"खाली उतर आधी. आम्ही बांधलंय, आम्हीच काढू. तुझं बोट लागता कामा नये."

हेर्मन कबुतरं पाळायचे, शर्यतीची. कबुतराच्या पायातल्या कडीवरचा बारीक नंबर वाचायचं भिंग त्यांच्या खिशात कायम. आणि आता कळलं की काल कमान बांधताना त्यांनी त्याच भिंगाने एकेक जेट वाचला होता. कारण टोसबाईंना कमान दोन्ही अंगांनी अगदी सारखी लागते. उजवीकडे चार पानांचा गुलाब असेल तर डावीकडेही चारच पानांचा. हेर्मन शिडीवर चढले आणि डावीकडून एकेक सोडवत मोठ्याने वाचू लागले, "एकशेपाच. एकशेदहा. एकशेदहा. एकशेपाच."

"मधे दोन मोठे, कडेला दोन बारके," टोसबाई म्हणाल्या. "कमान आहे ती. शोभायला नको?"

बेरेंड पायजम्यात उभा राहिला तो उभाच राहिला. एकशेपाच, एकशेदहा, एकशेदहा, एकशेपाच. इतकी वर्षं त्याने एका अंगाला दोन्ही बारके आणि दुसऱ्या अंगाला दोन्ही मोठे बसवले होते. गाडी अर्धी उपाशी, अर्धी अजीर्ण झालेली.

एवढ्यात ग्राडुसराव आले. ट्रॅक्टरवर. ट्रॅक्टर घासलेला, वर नव्या रिबिनी. "सहज आलो," ते म्हणाले. त्यांना प्रकार सांगितला तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. चाळीस वर्षं गाईंचं दूध काढलेला माणूस.

"मागच्या दोन सडांना दूध जास्त, पुढच्यांना कमी," ते म्हणाले. "चारही सारखे असतात असं तुला सांगितलं कोणी, पोरा? मधले दोन सिलिंडर उकडून निघतात. त्यांना पेट्रोल जास्त लागणारच."

मग काय विचारता. अंगणात जत्राच जमली. टोसबाईंनी साच्यातले खळगे बेरेंडपेक्षा नीट लक्षात ठेवले होते. त्या एकेक भाग हातात देत गेल्या, बेरेंड बसवत गेला, हेर्मन भिंगातून तपासत गेले. साडेअकराला चारही कार्ब्युरेटर गाडीवर चढले. गाडी सुरू झाली, पण अजून लंगडत होती, कारण चौघांची हवा ओढायची ओढ एकसारखी व्हायला हवी आणि ती मोजायचं यंत्र बेरेंडकडे नव्हतं. (होतं, पण मागच्या वर्षी त्याने त्यात तेलाऐवजी रासबेरीचं सरबत भरलं होतं. ते गाडीने पिऊन टाकलं. आठवडाभर गल्लीत जॅमचा वास होता.)

ग्राडुसराव ट्रॅक्टरकडे गेले आणि अवजारांच्या पेटीतून दूध काढायच्या मशीनची ओढ मोजायचा गेज घेऊन आले, रबरी नळीसकट. एकेका कार्ब्युरेटरला नळी लावायची, काटा बघायचा, स्क्रू जरासा फिरवायचा. चारही ठिकाणी काटा एका जागी आला, आणि ती गाडी, काय सांगू तुम्हाला, ती गाडी गायला लागली. खोकला नाही, घरघर नाही. एक गोड, जाड, एकसारखा सूर. बेरेंडने साडेबारा वर्षांत तो ऐकला नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते लपवलंही नाही. टोसबाईंनी त्याला तेलकट हातांसकट मिठी मारली. ग्राडुसराव गेज पुसत राहिले आणि एकदाच आपल्या ट्रॅक्टरच्या रिबिनींकडे बघून घेतलं.

दुपारी दोनला डिनेके निळ्या झग्यात, डोक्यावर हेल्मेट, मागे बसली. कमानीवर जेटच्या जागी कोटाची बटणं चमकत होती. बटण दाबताक्षणी गाडी सुरू. गाव दुतर्फा उभं. तीन किलोमीटर, दोन चौक, एक चढ, कुठे म्हणून अडकली नाही. कॅफेच्या दारात बेरेंडने गाडी अशी उभी केली, की राजवाड्यापुढे घोडा उभा करावा. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सगळं एकेक बंद केलं आणि आत गेला.

आत भाषण झालं. सतरा मिनिटांचं, कार्ब्युरेटरवर. पाहुण्यांनी सोसलं. तो खाली बसल्यावर डिनेकेने त्याचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाली, "एक सांगायचंय. रागावू नकोस. लग्नाच्या दिवशी पेट्रोलचा नळ मी बंद केला होता."

बेरेंडला आधी ऐकूच आलं नाही.

"बाबांनी दोन दिवस ट्रॅक्टर घासला होता रे. चर्चबाहेर रिबिनी लावून एकटेच उभे होते. मला बघवेना. म्हटलं तेवढे तीन किलोमीटर त्यांच्याबरोबर जाऊ. सकाळी सांगणारच होते तुला. खाली आले तर तू चारही कार्ब्युरेटर टेबलावर मांडून बसला होतास, आणि इतका खूश होतास."

"म्हणजे कार्ब्युरेटरना काहीच झालं नव्हतं?"

"काही नाही. तू उघडेपर्यंत अगदी छान होते."

बेरेंडने समोरचं तळलेलं क्रोकेट उचललं, परत ठेवलं, पुन्हा उचललं. रागवावं म्हणून प्रयत्न करून पाहिला, पण राग काही येईना. उलट हसूच आलं, आणि मग दोघं इतकी हसली की टोसबाईंना वाटलं दोघांनी जास्त घेतली. (बेरेंड दिवसभर कॉफीवर होता, गाडी चालवायची म्हणून.)

पाचला सगळे बाहेर आले. बेरेंडने ऐटीत बटण दाबलं. गाडी खाकरली आणि गप्प झाली. पुन्हा दाबलं, पुन्हा खाकरली. बेरेंडने खाली वाकून बघितलं. पेट्रोलचा नळ बंद. त्याने डिनेकेकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत होती. रस्त्यापलीकडे ग्राडुसराव ट्रॅक्टरजवळ एकटेच उभे होते, रिबिनी वाऱ्यावर हलत होत्या.

बेरेंड सरळ उभा राहिला. साडेबारा वर्षांत एवढं मोठं मन त्याने कधी केलं नव्हतं. एक लांब उसासा सोडून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "कार्ब्युरेटर!"

डिनेकेचा चेहरा असा उजळला की विचारू नका. ती झगा सावरत तडक ट्रॅक्टरवर चढली आणि बापाशेजारी ऐसपैस बसली. ग्राडुसराव मात्र खाली उतरून गाडीजवळ आले, वाकले आणि आपल्या भरघोस आवाजात म्हणाले, "नळ बंद आहे, पोरा. येऊन थांबलास तेव्हा तूच केलास. मी बघत होतो."

हशा इतका मोठा झाला की कॅफेच्या छपरावरची कबुतरं उडाली. बेरेंडने नळ उघडला, बटण दाबलं, आणि गाडी पहिल्या हाकेला गायला लागली. पण डिनेके काही उतरेना. म्हणाली, आता बसलेच आहे. तेव्हा पुढे रिबिनींचा ट्रॅक्टर, वर बाप आणि लेक, आणि मागे ताशी बारा किलोमीटरने, चारही सिलिंडरवर, कोणाच्याही मदतीशिवाय, एकटा बेरेंड.

टोसबाईंनी तेवढ्यात फोटो काढला. तो आता बोळात पहिल्या फोटोशेजारीच लावलाय. पाहुणे कोट अडकवता अडकवता दोन्ही बघतात, मान हलवतात आणि म्हणतात, "अजूनही ओढूनच न्यावी लागते का?" दोर नाहीये, नीट बघा, गाडी चालू आहे, असं बेरेंड प्रत्येकाला सांगतो. पाहुणा वाकून बघतो आणि समजूतदारपणे त्याच्या खांद्यावर थोपटतो. फोटोत दोर दिसायला नको एवढी काळजी टोसबाईंनी घेतली, असं सगळ्यांना वाटतं.